अर्ज कोणाच्या हाती पडला?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे अर्जांचा हंगाम सुरू होतो. ट्रस्टची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, तरुण संशोधकांसाठी पाठ्यवृत्ती, ग्रामीण मुलींसाठी वर्षभराचं प्रशिक्षण. जागा थोड्या, अर्ज उदंड. कार्यालयात गठ्ठे लागतात, समितीची बैठक ठरते, अर्ज सदस्यांमध्ये वाटले जातात आणि पंधरा दिवसांत यादी लागते. यादीत नाव नसलेल्या मुलाला आपण सांगतो, ‘तुझ्यापेक्षा चांगले अर्ज आले होते.’ हे वाक्य खरं असतं का, एवढाच प्रश्न घेऊन मी आज इथे उभी आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, ते सर गणिताचे शिक्षक होते आणि बरीच वर्षं दहावीच्या उत्तरपत्रिकांचे नियामकही होते. बोर्डाची ही पद्धत इथल्या शिक्षकांना ठाऊक आहे. परीक्षक पेपर तपासतो, त्यातले काही नियामक पुन्हा तपासतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो. तपासणी सुरू होण्याआधी बैठक होते. आदर्श उत्तरं ठरतात, कोणत्या पायरीला किती गुण हे ठरतं, आकृती चुकली पण सिद्धता बरोबर असली तर काय करायचं याचीही चर्चा होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या एका प्रमेयासाठी आपण इतकी यंत्रणा उभी करतो. तोच मुलगा पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज करतो, त्याचं चार वर्षांचं शिक्षण त्यावर अवलंबून असतं, आणि तिथे आपण समितीला म्हणतो, ‘तुम्ही अनुभवी माणसं आहात, वाचा आणि शंभरपैकी गुण द्या.’ अनुभवी माणसं वाचतात, मनापासून वाचतात आणि गुण देतात. त्या गुणांची बेरीज होते, बेरजेची यादी होते, आणि यादीला आपण गुणवत्ता यादी म्हणतो.

अनुभवी माणसांच्या गुणांत किती अंतर पडतं, याचा शोध सव्वाशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ आणि १८९० साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहिले. लॅटिन गद्याचा एकच नमुना त्याने २८ जाणत्या परीक्षकांकडून वेगवेगळा तपासून घेतला. शंभरपैकी ४५ पासून थेट १०० पर्यंत गुण आले. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा त्याच्या विचारात होती, म्हणजे हिंदुस्थानातल्या एखाद्या जिल्ह्याचा कारभार उद्या कोणाच्या हातात जाणार हे ठरवणारी परीक्षा. काठावरच्या उमेदवारांपैकी कोण आत जातो आणि कोण बाहेर राहतो, यात योगायोगाचा वाटा मोठा आहे, हे त्याने गणिताने मांडलं.

अमेरिकेत १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी हायस्कूलच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडे पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी ६४ दिले होते, कोणी ९८. भाषा विषयच असा, त्यात मताला जागा असते, असा आक्षेप आला. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथली तफावत इंग्रजीपेक्षाही मोठी निघाली. कोणी फक्त उत्तर पाहिलं, कोणी रीत पाहिली, कोणी अस्वच्छ आकृतीचे गुण कापले. भूमितीत सत्य एकच असतं, पण ‘चांगला पेपर’ म्हणजे काय याची प्रत्येकाची कल्पना वेगळी होती.

आणि हे सगळं जुन्या काळात घडलं असं समजून आपण सुटू शकत नाही. २०१८ साली मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे पूर्वी आलेले संशोधन अनुदानाचे २५ अर्ज घेतले, ४३ अनुभवी परीक्षक बोलावले आणि हुबेहूब खऱ्यासारख्या समित्या बसवल्या. एकाच अर्जाला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांच्या जितके जवळ होते, तितकेच जवळ दोन वेगवेगळ्या अर्जांना दिलेले गुण होते. म्हणजे अर्ज कोणता यापेक्षा तो कोणाच्या हाती पडला यालाच जास्त महत्त्व होतं. हे सगळे अर्ज चांगलेच होते, त्यांना अनुदान मिळालेलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. चांगल्यांतून अधिक चांगलं निवडणं अवघडच. पण आपल्या समित्यांचं खरं काम तिथेच तर असतं. उघड कच्चे अर्ज बाजूला काढायला समिती लागत नाही.

आता एक अर्ज जवळून पाहू. मी शिष्यवृत्तीच्या निवड समित्यांवर काम करते, आणि असा अर्ज दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गठ्ठ्यात असतोच. जत तालुक्यातली मुलगी. बारावीला ७८ टक्के, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. वडिलांच्या नावे चार एकर जमीन, सातबारा जोडलेला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वर्षाला साठ हजारांचा. आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते. मोठा भाऊ पुण्याला एका कंपनीत, पगाराचा उल्लेख नाही. गुणपत्रकावर एक ओळ छापलेली आहे : आर्थिक गरज, १० गुण.

पहिले सदस्य बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चार दिले. घरात जमीन आहे, एक मुलगा कमावता आहे, आणि साठ हजारांचे दाखले कसे मिळतात हे त्यांनी आयुष्यभर कर्जाच्या फायलींत पाहिलेलं आहे. दुसऱ्या बाई सांगली जिल्ह्यातच मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी नऊ दिले. जतची चार एकर कोरडवाहू म्हणजे पाऊस झाला तर बाजरी आणि नाही झाला तर काहीच नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको. पुण्याच्या कंपनीतली नोकरी म्हणजे बहुधा ठेकेदाराकडची, खोलीभाडं आणि खाणावळ भागवून घरी काय पाठवणार? तिसरे सदस्य डॉक्टर. त्यांनी सात दिले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘होतकरू मुलगी, मदत व्हावी.’

तिघेही प्रामाणिक, तिघांनीही अर्ज नीट वाचलेला. पण पहिल्याने मालमत्ता मोजली, दुसरीने हातात येणारा पैसा मोजला, आणि तिसऱ्याने गरजेच्या रकान्यात गुणवत्ता मोजली. त्या गुणवत्तेला पुढे वेगळा रकाना होता, म्हणजे तेच ७८ टक्के दोनदा मोजले गेले. हा अर्ज फक्त पहिल्या सदस्याकडे गेला असता तर मुलगी यादीबाहेर राहिली असती. फक्त दुसऱ्या बाईंकडे गेला असता तर पहिल्या पाचांत आली असती. ‘तुझ्यापेक्षा चांगले अर्ज आले होते’ हे वाक्य आपण तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

अशा वेळी समितीत हमखास एक सूचना येते : तिघांच्या गुणांची सरासरी काढा. सरासरीने टोकं बोथट होतात हे खरं, आणि दोन किंवा तीन परीक्षक असलेच पाहिजेत हेही खरं. पण तीन वेगळ्या गोष्टींची सरासरी कशाची असते? दुखणं त्या छापील ओळीत आहे. ‘आर्थिक गरज’ हे शीर्षक झालं. त्याखाली काय पाहायचं आणि काय दिसलं तर किती द्यायचे, हे लिहिलेलं नव्हतं.

ते कसं लिहावं याचा उत्तम नमुना वैद्यकातला आहे. न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली नवजात बाळासाठी एक गुणपद्धती मांडली, ती पुढच्या वर्षी छापून आली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि रंग, अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. ठोके नाहीत तर शून्य, मिनिटाला १०० च्या आत असतील तर एक, त्याहून जास्त तर दोन. ‘बाळ बरं वाटतंय’ या वाक्याऐवजी ही पद्धत जगभर टिकली, कारण सोलापूरच्या सिव्हिलमधली नर्स आणि न्यूयॉर्कची डॉक्टर एकच गोष्ट बघून एकच आकडा लिहितात. पाच निकष, तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असं वर्णन. जाणत्या माणसाची जाण तिने पुसली नाही, तर कुठे बघायचं ते दाखवून दिलं.

आम्ही ‘आर्थिक गरज, १० गुण’ ही ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी चार प्रश्न घातले. घरात नियमित पगार किंवा पेन्शन आणणारं कोणी आहे का? जमीन असली तर किती, आणि बागायत की कोरडवाहू? त्या उत्पन्नावर अवलंबून असलेली, शिकणारी, म्हातारी किंवा आजारी माणसं किती? आणि या अभ्यासक्रमाचा वर्षाचा खर्च, त्यातून शुल्कमाफी आणि सरकारी शिष्यवृत्ती वजा केल्यावर, किती उरतो? प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन, आणि प्रत्येक पायरीला दोन ओळींचं वर्णन. उत्पन्नाच्या दाखल्याचे गुण काढून टाकले. तो पात्रतेचा कागद, असला की आत, नसला की आणायला सांगायचं. असे अर्ज पुन्हा तिघांपुढे ठेवले तेव्हा आकडे जवळ आले. जो फरक उरला त्यावर बोट ठेवता येत होतं : भावाच्या ठेकेदारी नोकरीला ‘नियमित’ म्हणायचं का? हा प्रश्न बैठकीत सुटण्याजोगा आहे. वर्षापेक्षा कमी मुदतीचं काम नियमित धरायचं नाही, असं एकदा ठरवून लिहून ठेवलं की पुढच्या साऱ्या अर्जांना तोच नियम. आणि जिथे माहितीच नाही तिथे अंदाजाने गुण द्यायचे नाहीत, अर्जदाराला फोन करायचा. या एका फोनने जितका अन्याय टळतो तितका तासभराच्या चर्चेने टळत नाही.

निकष एकदा लिहिले की ते दगडावरची रेघ समजण्याची सवयही वाईट. शिधापत्रिकेचे रंग आठवा. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तिरंगी योजना आली. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत पिवळी, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरी. आजही कितीतरी खासगी ट्रस्टच्या अर्जांत रेशनकार्डाचा रंग विचारला जातो आणि त्यावर गुण दिले जातात. म्हणजे आजच्या मुलाची गरज आपण पंचवीस वर्षांपूर्वीच्या रुपयाने मोजतो.

कोणत्या निकषाला किती भार, गरजेला ३० की ३५, गुणवत्तेला ४० की ४५, यावर समित्या दुपारच्या दुपार घालवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की योग्य गोष्टी निवडल्या असतील तर त्यांना सरसकट समान भार दिला तरी निर्णय जवळपास तितकेच चांगले येतात. तो वेळ पायऱ्यांची वर्णनं लिहिण्यात घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुण कोणत्या क्रमाने द्यायचे, यालाही महत्त्व आहे आणि तिकडे फार दुर्लक्ष होतं. डॅनियल कानेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, १९५० च्या दशकात, विशीतला हा तरुण इस्रायली सैन्यात होता आणि नव्या सैनिकांच्या मुलाखतींची पद्धत सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. तोवर मुलाखतकार वीस-एक मिनिटं गप्पा मारून उमेदवाराबद्दल एकच एकत्रित मत देत, आणि ते मत पुढच्या कामगिरीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नसे. कानेमान यांनी सहा गुणविशेष ठरवले, प्रत्येकासाठी ठोस प्रश्न दिले, आणि एकाचे गुण लिहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही असं बंधन घातलं. मुलाखतकार चिडले. तुम्ही आम्हाला यंत्रमानव करताय, असं त्यांचं म्हणणं होतं. मग कानेमान यांनी एक सवलत दिली : सहाही गुण लिहून झाले की डोळे मिटा, तो सैनिक डोळ्यांपुढे आणा आणि एक ते पाचमध्ये तुमचं मत द्या. पुढे पाहिलं तर सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा खूपच खरी ठरली. आणि डोळे मिटून दिलेलं ते मतही तितकंच खरं ठरलं.

हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडची अनुभवी मंडळी गुणपत्रकाला विरोध करतात तेव्हा त्यांच्या मनात हीच भीती असते, की माझ्या आयुष्यभराच्या अनुभवाला आता किंमत उरणार नाही. किंमत उरते. फक्त अनुभवाने शेवटी बोलावं. आधी बोललं की पहिल्या पानावरच्या सुवाच्य अक्षराचं किंवा ओळखीच्या शाळेच्या नावाचं तेज पुढच्या सगळ्या रकान्यांवर पडतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात हे दाखवलं होतं. एखाद्याची देहयष्टी आवडली की त्याची बुद्धी आणि चारित्र्यही अधिकाऱ्यांना चांगलं वाटू लागत असे.

म्हणून माझा आग्रह असतो की आधी सगळ्या अर्जांचा पहिला निकष तपासावा, मग सगळ्यांचा दुसरा. कंटाळवाणं आहे खरं. पण चाळीस अर्जांतली चार एकर जमीन एका बैठकीत पाहिली की हात स्थिर राहतो. दुसऱ्या निकषाच्या वेळी गठ्ठा उलटा करावा, म्हणजे तळाच्या अर्जाला दर वेळी दमलेले डोळे मिळणार नाहीत. आणि काम सुरू करण्याआधी गेल्या वर्षीचे चार-पाच अर्ज नावं झाकून सगळ्यांनी तपासावेत, आकडे फळ्यावर लिहावेत आणि जिथे दोनपेक्षा जास्त अंतर आहे तिथे थांबून का ते विचारावं. शितावरून भाताची परीक्षा इथे खरोखर होते. बोर्डाच्या नियामकांची बैठक हेच करते.

चर्चा मात्र गुण लिहून कार्यालयाकडे दिल्यानंतरच व्हावी. आपल्या समित्यांत उलट होतं. अध्यक्ष चहाचा कप ठेवतात आणि म्हणतात, ‘ती कोल्हापूरची मुलगी मला फार आवडली.’ त्यानंतर त्या मुलीला कोण कमी गुण देणार? विस्कॉन्सिनच्याच संशोधकांनी चर्चेचाही अभ्यास केला होता. चर्चेनंतर एका समितीतल्या सदस्यांचे गुण एकमेकांच्या जवळ आले, पण तोच अर्ज पाहणाऱ्या दोन वेगळ्या समित्यांमधलं अंतर उलट वाढलं. समितीत एकमत झालं की आपल्याला समाधान वाटतं, निर्णय पक्का वाटतो. पण ते एकमत त्या खोलीपुरतं असतं. चर्चेत मत बदलायला माझी हरकत नाही. बदललेला आकडा आणि बदलण्याचं कारण मात्र त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहावं.

इथपर्यंत मी सगळ्यांना सारखं मोजण्याबद्दल बोलले. पण सारखं मोजूनही अन्याय होतो, आणि तो जास्त घट्ट बसतो, कारण त्याच्या हातात तक्ता असतो. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९५ साली तरुण संशोधकांना पाठ्यवृत्त्या दिल्या. ११४ अर्ज होते, त्यांत ५२ स्त्रियांचे. २० जणांची निवड झाली, त्यांत चार स्त्रिया. परिषदेकडे गुणपद्धती होती, निकष ठरलेले होते, परीक्षक नामवंत होते. क्रिस्टीन व्हेनेरोस आणि ॲग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी गुणपत्रकं मागितली. ती मिळाली नाहीत तेव्हा त्या न्यायालयात गेल्या आणि स्वीडनच्या जुन्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली ती मिळवली. त्यांनी प्रकाशित संशोधनाशी गुण ताडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला : पुरुषाइतकेच गुण मिळवायला स्त्रीला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. समितीतल्या कोणाशी संबंध असलेल्या अर्जदाराला त्याचाही फायदा मिळत होता. ‘वैज्ञानिक योग्यता’ हा निकष सगळ्यांना लागू होता, पण तो भरताना डोळ्यांसमोर जो वैज्ञानिक उभा राहत होता तो पुरुष होता.

आपल्याकडे तो रकाना बहुतेक वेळा ‘संवादकौशल्य’ किंवा ‘मनोगताची मांडणी’ या नावाने येतो. इंग्रजीत पाचशे शब्दांचं मनोगत लिहायला सांगतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला ते लिहून द्यायला मावशी असते, शिकवणीचे सर असतात, आता संगणकही लिहून देतो. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतली मुलगी स्वतः लिहिते. तिची वाक्यं मोडकी असतात आणि खरी असतात. परीक्षक शंभर अर्जांना एकाच मापाने गुण देतो आणि ते माप सफाईदार इंग्रजीचं असतं. हे मापातलं पाप आहे आणि ते आपण दरवर्षी करतो. जे काम पुढे इंग्रजीत करायचं नाही, त्याच्या निवडीत इंग्रजीला गुण असूच नयेत. मराठीत, हिंदीत, हवं तर गोंडीत लिहू द्या, वाचणारा माणूस शोधणं ही आपली जबाबदारी आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२५ च्या जानेवारीपासून या दिशेने एक पाऊल टाकलं. तिथे एक ते नऊ असे गुण असतात, एक सर्वांत चांगला. पूर्वी पाच निकषांना गुण मिळत, त्यांत संशोधक कोण आणि संस्था कोणती हेही असे. आता संशोधनाचं महत्त्व, आणि त्याची काटेकोर मांडणी व व्यवहार्यता, या दोहोंनाच गुण मिळतात. संशोधकाची पात्रता आणि संस्थेची साधनं पुरेशी आहेत की नाहीत एवढंच नोंदवायचं, गुण नाहीत. बड्या नावाचं तेज कमी करायचा तो प्रयत्न आहे. तो किती यशस्वी होतो ते दिसेल, पण रचना शिकण्याजोगी आहे. जे फक्त पुरेसं असायला हवं, त्याला जास्त असल्याबद्दल बक्षीस कशाला?

गुणपत्रक अर्जासोबतच छापून द्यावं की नाही, यावर मतभेद आहेत. आधी दिलं तर लोक त्याप्रमाणे अर्ज सजवतात, असं म्हणतात. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गावांना कशाला किती गुण हे आधीच ठाऊक असे. तपासणी समिती यायच्या आदल्या रात्री झाडू फिरवणारी गावं होती, हे खरं. पण गुण कशाला आहेत हे कळल्यामुळेच शौचालयं बांधणारी, सांडपाण्याची सोय करणारी गावंही त्यातूनच उभी राहिली. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. तिथे तर गुणांचा तक्ता गावांच्या हाती देऊन आधी प्रशिक्षण दिलं गेलं. निकष चांगले असतील तर त्यांच्याप्रमाणे सजवणं म्हणजेच काम करणं होतं. लपवलेले निकष फक्त अज्ञान्याला नडतात. ज्यांचा समितीशी परिचय असतो, त्यांना ते माहीत असतातच.

आणि आपल्याकडे कायद्याची वाटही मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात निर्णय दिला की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते. परीक्षकाचं नाव मात्र गोपनीय ठेवावं, असंही न्यायालयाने म्हटलं. खासगी ट्रस्टला हा कायदा लागू होवो न होवो, तत्त्व तेच ठेवायला काय हरकत आहे? नाव झाका, गुण दाखवा.

आता सर्वांत नाजूक बाब. हे सगळं नीट केलं तरी शेवटी यादीत असं दिसतं : विसाव्या क्रमांकाला ७१.५, एकविसाव्याला ७१.२५. विसावा आत आणि एकविसावा बाहेर. आपल्या गुणदानाला पाव गुणाचा फरक कळतो, असं इथे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? पोत्यांच्या काट्यावर आपण सोनं तोलतो आहोत.

अशा ठिकाणी चिठ्ठ्या टाकाव्यात, असं माझं मत आहे. सगळ्या अर्जदारांच्या नाहीत. उघड पुढे असलेले आत घ्यावेत, उघड मागे असलेले बाहेर ठेवावेत, आणि मधल्या, गुणांनी वेगळे न करता येणाऱ्या आठ-दहा जणांत सोडत काढावी. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका अनुदानासाठी पात्र ठरलेल्या अर्जांत सोडत काढायला सुरुवात केली. ब्रिटिश अकादमीनेही २०२२ पासून लहान अनुदानांसाठी तसा प्रयोग केला. आपल्याला तर ही कल्पना अनोळखी नाही. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांचीही निघते. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या मंदिराच्या भिंतीवर दहाव्या शतकातला चोळकालीन शिलालेख आहे. ग्रामसभेच्या समित्यांवर कोण बसणार याचे नियम त्यात कोरले आहेत. वय ३५ ते ७०, करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर, आणि ज्याने आधी समितीवर राहून हिशेब दिला नाही तो अपात्र, त्याचे नातेवाईकही अपात्र. जे पात्र ठरत त्यांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकत आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घेत. ते निकष त्या काळच्या जमीनवाल्या ब्राह्मणांपुरतेच होते, त्यांचं कौतुक करायचं कारण नाही. पण आधी निकष आणि मग चिठ्ठी, ही रचना त्यांना सुचली होती.

सोडतीला विरोध होतो तो बहुतेक देणगीदारांकडून. आमच्या पैशाचा निर्णय नशिबावर सोडता काय, असं विचारतात. त्यांना माझं उत्तर असं, की नशीब आजही त्यात आहेच. अर्ज कोणत्या सदस्याकडे गेला, सकाळी वाचला गेला की संध्याकाळी, हे नशीबच आहे. सोडतीत ते सगळ्यांसमोर आणि सगळ्यांना सारखं असतं. शिवाय ज्याची चिठ्ठी निघाली नाही, त्याला आपण खरं सांगू शकतो : तू पात्र होतास, जागा पुरल्या नाहीत.

यावरून पत्राचा विषय निघतो आणि तिथेच मी थांबते. नाकारलेल्या अर्जदाराला आपण बहुधा काहीच कळवत नाही, किंवा तीन ओळींचं छापील पत्र पाठवतो. ज्या समितीने निकष लिहून, पायऱ्या ठरवून, वेगवेगळे गुण देऊन काम केलं, तिच्याकडे चांगलं पत्र लिहायचं सगळं साहित्य तयार असतं. कोणत्या निकषात किती गुण मिळाले. कोणत्या पायरीवर अर्ज थांबला आणि तिच्या वर्णनात काय लिहिलं आहे. कोणता कागद नसल्यामुळे गुण देता आले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल का, कधी, आणि या वर्षासाठी दुसऱ्या कोणत्या शिष्यवृत्तीची मुदत अजून शिल्लक आहे. एक पान पुरतं, मराठीत लिहावं, आणि खाली कार्यालयाचा असा फोन नंबर द्यावा की जो कोणीतरी उचलतं. या जूनपासून आपल्या जिल्ह्यातल्या ज्या ट्रस्टना असं पत्र पाठवायचं असेल, त्यांच्यासाठी गुणपत्रकाचा आणि पत्राचा मसुदा मी कार्यवाहांकडे देऊन ठेवला आहे. तो घेऊन जा, त्यातल्या पायऱ्या तुमच्या तालुक्याला लागू पडतात का ते तपासा आणि जिथे पडत नाहीत तिथे खोडून नव्या लिहा.